संग्रहालय, कलावंत आणि शेजारची वस्ती: रेसिडेन्सीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आमच्याकडे येतात ते तीन तऱ्हेच्या लोकांकडून: अर्ज करणारे कलावंत, लहान संग्रहालयं चालवणारी मंडळी, आणि "आमच्या गल्लीत हे लोक कॅमेरे घेऊन का फिरतायत?" असं विचारणारे रहिवासी. तिघांचेही प्रश्न एकाच पानावर ठेवले आहेत, कारण एकाचं उत्तर दुसऱ्याने वाचायलाच हवं. जिथे मुद्दा दुसऱ्या उत्तरात आलाय तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

1. म्युझियमची रेसिडेन्सी म्हणजे नक्की काय? कलावंत तिथे राहायला जातो का?

कधी जातो, कधी नाही. मूळ कल्पना एवढीच की संग्रहालय एखाद्या चित्रकाराला, शिल्पकाराला, नाट्यकर्मीला किंवा छायाचित्रकाराला काही काळासाठी वेळ, जागा आणि मानधन देतं, आणि त्याच्यासाठी आपला संग्रह उघडा करतं. राहायची खोली मिळतेच असं नाही. बरेचदा नुसता स्टुडिओ किंवा गोदामातलं एक टेबल मिळतं. या पानावर ज्या रेसिडेन्सीबद्दल बोलतोय तिच्यात आणखी एक अट असते: कलावंताने संग्रहालयाच्या भिंतीबाहेरच्या माणसांबरोबर काम करायचं. शाळा, चाळ, बाजार, कामगार, स्थलांतरित, जे कोणी शेजारी असतील ते.

2. मग प्रदर्शन, कार्यशाळा आणि कमिशन यांच्यापेक्षा हे वेगळं कसं?

प्रदर्शनात तयार काम येतं. कार्यशाळा दोन दिवसांत आटोपते. कमिशनमध्ये, म्हणजे पैसे देऊन सांगून करून घेतलेल्या कामात, काय हवंय ते बहुधा आधीच ठरलेलं असतं. रेसिडेन्सीत शेवटी काय निघेल हे सुरुवातीला कोणालाच माहीत नसतं, आणि ते माहीत नसण्याचेच पैसे संग्रहालय मोजत असतं. हिशेब तपासणाऱ्यांना ही गोष्ट पटवणं किती जड जातं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक.

सीमारेषा मात्र पुसट असतात. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने गेल्या काही वर्षांत अनेक समकालीन कलावंतांना आपल्या संग्रहाला उत्तर देणारं काम करायला बोलावलं. 2013 मध्ये रीना सैनी कलाट यांनी संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर रबरी शिक्क्यांचं भलंमोठं कोळ्याचं जाळं टांगलं होतं. शिक्क्यांवर मुंबईतल्या रस्त्यांची बदलून गेलेली जुनी नावं होती. काटेकोर अर्थाने हे कमिशन. पण बेस्टमधून जाणाऱ्या माणसाला आपल्याच रस्त्याचं जुनं नाव आठवायला लावणारं काम संग्रहालयाच्या आत नाही, बाहेरच्या भिंतीवर लागतं, यातच शेजाराचा विचार आला.

3. संग्रहालयांना अचानक वस्तीची आठवण का झाली? हे नवीन खूळ आहे का?

अचानक नाही. 1967 मध्ये वॉशिंग्टनच्या अ‍ॅनाकोस्टिया भागात स्मिथसोनियन संस्थेने एका जुन्या सिनेमा थिएटरात वस्तीचं संग्रहालय उघडलं. परिसर बहुतांशी कृष्णवर्णीय आणि गरीब. तिथल्या मुलांच्या बोलण्यात उंदरांचा त्रास सारखा यायचा, म्हणून 1969 मध्ये संग्रहालयाने चक्क उंदरांवर प्रदर्शन भरवलं. ज्यांना संग्रहालय म्हणजे राजांच्या तलवारी वाटतात त्यांनी हे एकच उदाहरण लक्षात ठेवलं तरी पुरे.

अ‍ॅनाकोस्टियाचं संग्रहालय उघडल्याच्या पुढच्याच वर्षी, 1968 मध्ये, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये भाड्याच्या जागेत स्टुडिओ म्युझियम सुरू झालं. त्याच्या नावातला 'स्टुडिओ' हा तिथे काम करणाऱ्या कलावंतांचा. चित्रकार विल्यम टी. विल्यम्स यांचा आग्रह होता की संग्रहालयाच्या छताखालीच कलावंतांनी काम करावं. दरवर्षी तीन कलावंत निवडायची तिथली पद्धत रूढ झाली, आणि डेव्हिड हॅमन्स, केरी जेम्स मार्शल, केहिंदे वायली अशी नावं तिथून गेली. इमारत पाडून नवी बांधायला 2018 मध्ये संग्रहालय बंद केलं तेव्हाही रेसिडेन्सी थांबवली नाही. त्या वर्षांत कलावंतांची कामं क्वीन्समधल्या पीएस1 या कलाकेंद्रात दाखवली गेली. इमारत नसतानाही चालू राहिलेला उपक्रम म्हणून मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

4. एखादं उदाहरण नीट उलगडून सांगाल का?

क्वीन्स म्युझियमचं सांगतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फ्लशिंग मेडोज उद्यानात ही इमारत आहे. 1939 च्या जागतिक मेळ्यासाठी बांधलेली. 1946 ते 1950 या काळात संयुक्त राष्ट्रांची आमसभा इथेच भरायची. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न विजयालक्ष्मी पंडित यांनी 1946 मध्ये मांडला तो याच सभेपुढे. (पुढे त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या.) 1972 पासून इथे संग्रहालय आहे, आणि आत 1964 च्या मेळ्यासाठी केलेली अख्ख्या न्यूयॉर्क शहराची प्रतिकृती.

उद्यानाच्या पलीकडे कोरोना नावाची वस्ती. आजाराचा संबंध नाही, नाव जुनंच आहे. रुझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर डोक्यावरून सात नंबरची लोकल धडधडत जाते, खाली मेक्सिको-इक्वेडोरहून आलेल्यांची दुकानं, खाण्याच्या गाड्या. पुष्कळांकडे कागदपत्रं नाहीत. उद्यानात फुटबॉल खेळायला येणारी ही माणसं संग्रहालयाच्या दारासमोरून जायची, आत यायची नाहीत.

टॉम फिंकेलपर्ल संचालक असताना संग्रहालयाने एक साधी पण जगावेगळी गोष्ट केली: लोकसंघटक नोकरीला ठेवले. कलेचा इतिहास शिकलेले नव्हे, वस्तीत फिरून माणसं जोडणारे, लोकांची भाषा बोलणारे. कलावंत आले ते त्यानंतर.

2011 मध्ये क्युबन कलावंत तानिया ब्रुगेरा यांनी क्रिएटिव्ह टाइम ही संस्था आणि हे संग्रहालय यांच्या साथीने 'इमिग्रंट मूव्हमेंट इंटरनॅशनल' सुरू केली. त्या स्वतः कोरोनात स्थलांतरितांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहिल्या. रुझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर एक दुकानगाळा घेतला. तिथे इंग्रजीचे वर्ग, वकिलाचा सल्ला, आरोग्याची माहिती, मुलांसाठी संगीत. फ्रेममध्ये घालून भिंतीला लावण्यासारखं जवळपास काहीच नाही. ब्रुगेरा याला 'उपयोगी कला' म्हणतात. हे कला आहे की नाही, हा वाद प्रश्न 15 मध्ये.

कलावंत पुढे निघून गेल्या, गाळ्यातलं काम वस्तीतल्या लोकांनी हातात घेतलं, आणि त्याचं 'सेंट्रो कोरोना' नावाचं लोकांनी चालवलेलं केंद्र झालं. 2020 च्या साथीत याच परिसरावर न्यूयॉर्कमधला सगळ्यात भीषण घाला पडला तेव्हा बंद संग्रहालयाच्या जागेत 'ला होर्नादा' या संस्थेबरोबर धान्यवाटप सुरू झालं. अशी रांग संग्रहालयाच्या दारात लागायला आधीची ओळख लागते.

5. रेसिडेन्सी किती काळाची असावी?

वस्तीबरोबर काम करायचं असेल तर सहा महिन्यांच्या खाली आम्ही सल्लाच देत नाही. पहिले दोन महिने चहा पिण्यात जातात, आणि जायलाच हवेत. ज्यांच्याकडे पैसे सहा आठवड्यांचेच आहेत त्यांनी ते वर्षभरात चार-पाच फेऱ्यांत विभागावेत. एकदा येऊन महिनाभर राहिलेल्या पाहुण्यापेक्षा दर दोन महिन्यांनी आठवडाभर येणारा कलावंत लोकांच्या जास्त ओळखीचा होतो. शिवाय मधल्या काळात लोक विचार करतात, घरून फोटो शोधून ठेवतात, आणि नको असेल तर "नको" म्हणायलाही त्यांना सवड मिळते.

6. 'स्थानिक समाज' म्हणजे नक्की कोण? हे कोण ठरवतं?

अर्जात हा शब्द सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात कमी उलगडलेला असतो.

भायखळ्याचंच घ्या. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये लोकांसाठी खुलं झालं, ते ज्यांच्या पुढाकाराने उभं राहिलं त्यांत गोव्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट होते. आज त्याचे शेजारी कोण? एका बाजूला राणीचा बाग आणि तिथे पेंग्विन बघायला आलेली कुटुंबं. आसपास गिरणगावातल्या चाळी, 1982 च्या संपानंतर गिरण्या सुटलेल्या कामगारांची तिसरी पिढी. मुस्लिम मोहल्ले. भाजी आणि मटणाचा बाजार. गिरण्यांच्या जागेवरचे टॉवर. संग्रहालयाच्या सफाई आणि सुरक्षेच्या कामावर येणारी माणसंही. यातला 'समाज' कोणता?

आमचं उत्तर: एकच गट निवडा, का निवडला ते लिहून ठेवा, आणि ज्यांना वगळलं त्यांची नावंही लिहा. "सर्व समाजघटकांना सोबत घेऊन" असं लिहिलेल्या प्रकल्पात शेवटी जवळच्या इंग्रजी शाळेतली सातवीची तुकडी तेवढी येते. आणि नगरसेवकाच्या कार्यालयातून दिलेली यादी म्हणजे वस्ती नव्हे. महिला बचत गट, भजनी मंडळ, क्रिकेटचा संघ, मशिदीची कमिटी, रिक्षा स्टँड, यांच्याकडे स्वतंत्रपणे जावं लागतं.

7. मी कलावंत आहे. अर्जात काय लिहू?

काय *बनवणार* यापेक्षा कोणाबरोबर, कुठे, आठवड्यातून किती वेळ बसणार ते लिहा. संग्रहातली एखादी वस्तू नाव घेऊन सांगा. म्हणजे तुम्ही एकदा तरी संग्रहालय पाहून आलात हे कळतं. तुम्हाला ती भाषा येते का, नसेल तर दुभाष्या कोण, हे सांगा. "वंचितांना आवाज देणार" हे वाक्य कृपया काढा. आवाज त्यांच्याकडे असतो.

8. "मानधन नाही, पण चांगलं नाव होईल" असं सांगतात. जावं का?

आमचं मत सरळ आहे: नाही. नावावर घरभाडं भरता येत नाही. मानधन, साहित्याचा खर्च, प्रवास आणि राहणं हे चार आकडे वेगवेगळे लिहून मागा. एकत्र रक्कम दिली की साहित्यात मानधन विरघळून जातं. व्यावसायिक मानधनातून टीडीएस कापला जातो, तेव्हा हातात किती येईल ते आधीच विचारा. पैसे किती हप्त्यांत आणि कधी, हेही. शेवटचा हप्ता 'प्रदर्शनानंतर' असेल तर तो किती दिवसांत, असं करारात हवंच. अमेरिकेत 2008 मध्ये कलावंतांनी 'वेज' नावाची संघटना काढली आणि पुढे संस्थेच्या वार्षिक खर्चानुसार किमान मानधनाचे दरच जाहीर केले. आपल्याकडे तसा सर्वमान्य तक्ता नाही, म्हणून घासाघीस प्रत्येकाला नव्याने करावी लागते.

9. वस्तीतल्या लोकांनाही पैसे द्यायचे का? मग सगळे पैशासाठीच येतील ना?

क्युरेटर (प्रदर्शनाची मांडणी ठरवणारा) पगारावर, कलावंत मानधनावर, छापखाना बिलावर, आणि ज्या बाईच्या आठवणींवर प्रदर्शन उभं आहे ती फुकट? द्यायचे. फरक एवढाच करावा: पाहुणा म्हणून गप्पा मारायला आलेल्याला चहा आणि जाण्यायेण्याचं भाडं, काम करणाऱ्याला, म्हणजे शिवणाऱ्या, गाणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या, दुभाष्याचं काम करणाऱ्या माणसाला कामाचा मोबदला. दर सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगावा. एकीला आतून जास्त दिले हे दुसरीला कळायला दोन तासही लागत नाहीत.

रोजंदारीवरच्या माणसाचा एक दिवस बुडतो हेही लक्षात ठेवा. बैठक रविवारी ठेवली तर अर्धा प्रश्न सुटतो. मात्र घरकाम करणाऱ्या बायकांना रविवारी जास्त काम असतं, त्यांना विचारूनच वार ठरवा.

10. आमचं संग्रहालय तालुक्याच्या गावी, दोन खोल्यांचं. आम्हाला हे झेपेल का?

मोठ्यांपेक्षा बरं झेपेल. अशाच एका लहान संग्रहालयातला प्रसंग सांगतो. कोपऱ्यात एक जातं ठेवलेलं होतं, पुढे पाटी: 'दगडी जाते, धान्य दळण्यासाठी.' कलावंत तरुणीने शेजारच्या वस्तीतल्या काही बायकांना पाहायला बोलावलं. त्यातल्या एका आजींनी वरची तळी उचलायला लावली, खालच्या दगडावर बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "अगं पोरी, हे पिठाचं न्हाय. डाळ भरडायचं हाय. टाकी बघ की किती इरळ हाय." मग टाकी, म्हणजे दगडाला छिन्नीने पाडलेले खाचे, कोण लावायचं, वर्षातून कधी लावायचं, त्याचं धान्य किती द्यावं लागायचं, असा तासभराचा इतिहास निघाला. नोंदवहीत त्या जात्यापुढे फक्त क्रमांक आणि देणगीदाराचं नाव होतं. त्या रेसिडेन्सीतून पुढे जे काम झालं ते म्हणजे अशाच चाळीसेक वस्तूंच्या नव्या पाट्या, सांगणारीच्या नावासकट. खर्च नाममात्र.

लहान जागेला लागतं ते एवढंच: काचेबाहेर काढून हातात देता येतील अशा वस्तूंची यादी, बसायला सतरंजी, चालू स्थितीतलं स्वच्छतागृह, आणि दारावरच्या माणसाला दिलेली सूचना की येणाऱ्या प्रत्येकीला "काय काम आहे?" असं विचारायचं नाही. शेवटच्या दोन गोष्टींवरून आम्ही प्रकल्प फसताना पाहिले आहेत.

11. लोक संग्रहालयात येतच नाहीत. काय करावं?

आपण जावं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाने 2015 मध्ये बसमध्ये फिरतं संग्रहालय सुरू केलं. धारावीत 2016 मध्ये दोन परदेशी कलावंत-संयोजकांनी 'डिझाइन म्युझियम धारावी' काढलं. ते ढकलगाडीवर होतं आणि आत धारावीतल्याच कारागिरांनी केलेल्या वस्तू: माठ, झाडू, कप. तेवढं जमणार नसेल तर आठवडी बाजारात एक टेबल मांडा.

12. परदेशी संस्था पैसे देते आहे. घ्यायला हरकत?

तुमच्या न्यासाकडे विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेऊ नका. "कलावंताच्या खात्यावर पाठवतो, तुम्ही नंतर बघा" असा शॉर्टकट कोणी सुचवला तर आधी सनदी लेखापालाला विचारा. पैशाबरोबर येणाऱ्या अटीही वाचा. दहापैकी नऊ वेळा त्यात छायाचित्रांची मागणी असते, आणि ती प्रश्न 13 च्या उत्तराशी भिडते.

13. रेसिडेन्सीत तयार झालेलं काम कोणाच्या मालकीचं? संग्रहालयाचं, कलावंताचं की वस्तीचं?

तीन गोष्टी वेगळ्या करा: वस्तू, कॉपीराइट आणि लोकांचे आवाज-चेहरे.

वस्तू कोणाकडे राहील ते करार ठरवतो. कॉपीराइटचं असं आहे की 1957 च्या कायद्याप्रमाणे काम करणाराच सर्वसाधारणपणे पहिला मालक असतो. नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मात्र मालकाचं होतं. रेसिडेन्सीवरचा कलावंत बहुधा नोकर नसतो, त्यामुळे करारात काही लिहिलं नसेल तर हक्क त्याचा. अपवाद: मोबदला देऊन कोणी व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र *सांगून करून घेतलं* असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क सांगणाऱ्याचा. म्हणून "आमच्या वस्तीतल्या पन्नास जणांची पोर्ट्रेट काढा" असं कलम करारात आलं की थांबा आणि वाचा.

वस्तू विकली, कॉपीराइट दिला, तरी कामाची मोडतोड झाली तर दाद मागायचा कलावंताचा नैतिक हक्क शिल्लक राहतो. अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प 1979 मध्ये सरकारने उतरवून गोदामात टाकलं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये ते अवशेष कलावंताला परत करायचा आणि 5 लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. संग्रहालयाच्या कुंपणावर रेसिडेन्सीत भित्तिचित्र काढून घेणाऱ्यांनी, पुढच्या रंगसफेदीपूर्वी, हा निकाल आठवावा.

वस्तीतल्या पाच जणांनी मिळून रजई शिवली, आराखडा कलावंताचा, गोष्टी त्यांच्या, टाके त्यांचे: इथे कायद्यापेक्षा आधीची बोलणी कामाला येतात. आम्ही नेहमी सह-कर्ते म्हणून सगळ्यांची नावं लिहायला सांगतो, आणि विक्री झाली तर वाटणी किती टक्के तेही. आवाज आणि चेहऱ्यासाठी मराठीत लिहिलेलं संमतिपत्र हवं. त्यात 'कुठे दाखवणार', 'किती वर्षं', 'नको वाटलं तर कोणाला फोन करायचा' या तीन ओळी असाव्यात. मुलांच्या बाबतीत पालकांची सही, आणि मुलाचं स्वतःचं "हो" सुद्धा.

14. अख्ख्या समाजाची कला असेल, जसं वारली, तर हक्क कोणाचा?

इथे कॉपीराइट तोकडा पडतो. जिव्या सोमा म्हशे यांनी काढलेलं चित्र त्यांचं. पण तारपा नाच, चौक, त्रिकोणी अंगांची माणसं ही शैली कोणा एकाची नाही. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन आहे. त्या नावाने माल विकण्यावर त्यामुळे अंकुश येतो, शैलीची नक्कल मात्र त्यातून पूर्ण थांबत नाही. म्हणून संग्रहालयानेच नियम करावा: वारली 'प्रेरणे'ने काम करणारा शहरी कलावंत बोलावण्याआधी वारली कलावंताला रेसिडेन्सी द्या. तो पाहुणा-सहायक नसेल, मुख्य नाव त्याचं असेल. चौकासारखी लग्नविधीतली गोष्ट प्रदर्शनात मांडायची की नाही, ते घरातल्या आणि पाड्यावरच्या बायकांनी ठरवावं.

15. इंग्रजीचे वर्ग, धान्यवाटप, पाट्या लिहिणं… यात कला कुठे आहे? हे समाजकार्य झालं.

रास्त प्रश्न, आणि कलावंतांमध्येही एकमत नाही. मिअर्ले लेडरमन युकेलिस यांचं उदाहरण पाहा. 1973 मध्ये त्यांनी हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयाच्या पायऱ्या स्वतः घासून धुतल्या, आणि ते काम म्हणून मांडलं. 1977 पासून त्या न्यूयॉर्कच्या सफाई खात्याच्या बिनपगारी निवासी कलावंत आहेत. 1979 ते 1980 मध्ये त्यांनी खात्याच्या साडेआठ हजार कामगारांशी एकेक करून हस्तांदोलन केलं आणि प्रत्येकाला "शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार" म्हटलं. समाजकार्य म्हणाल तर त्यातून कोणाचा पगार वाढला नाही. पण कचरा उचलणाऱ्याचा हात कोणी धरत नाही, ही गोष्ट ज्या नेमकेपणाने दिसली ती अहवालातून दिसली नसती.

माझी कसोटी अशी: तेच काम एखादी चांगली सेवाभावी संस्था तितक्याच चांगल्या रीतीने करू शकत असेल, तर पैसे तिला द्या. कलावंताने असं काहीतरी दाखवायला हवं जे तिच्या नजरेतून निसटतं. या कसोटीवर ब्रुगेरांचं काम अर्धंच उतरतं, असं मला वाटतं. कोरोनातल्या आयांना विचारलंत तर त्या मला वेड्यात काढतील.

16. लोकांना काम आवडलंच नाही तर?

मग नाही आवडलं. हार्लेमच्या स्टुडिओ म्युझियमचं 1968 चं पहिलंच प्रदर्शन टॉम लॉइड यांच्या विजेच्या दिव्यांच्या अमूर्त रचनांचं होतं, आणि त्यात आपलं काहीच दिसत नाही म्हणून स्थानिकांपैकी अनेक जण नाराज झाले. संग्रहालय टिकलं. नाराजी ऐकून घ्यायला संचालक स्वतः हजर असावा, कलावंताला एकट्याला पुढे करू नये. धार्मिक किंवा जातीय कारणावरून वातावरण तापलं तर काम झाकायचं की नाही हा निर्णय कोणाचा, हे करारात आधीच लिहा. जमाव दारात असताना ते ठरत नाही.

17. कलावंताने आमच्याच संग्रहालयावर टीका केली तर?

चांगला कलावंत करतोच. 1992 मध्ये फ्रेड विल्सन यांना बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीचा संग्रह मोकळेपणी हाताळायला मिळाला. त्यांनी एका काचेच्या कपाटात नक्षीदार चांदीची भांडी मांडली, आणि त्यांच्याच मधोमध गुलामांच्या लोखंडी बेड्या. वरची पाटी तीच कोरडी: 'धातुकाम, 1793 ते 1880'. दोन्ही वस्तू संस्थेच्याच. भांडी कायम दर्शनी, बेड्या गोदामात. काही नवं घडवावंच लागलं नाही.

आपल्या संग्रहालयांच्या गोदामांत काय पडलंय, आणि कोणाच्या वस्तू 'अज्ञात कारागीर' म्हणून मांडल्यात, हे विचारणारा कलावंत आला तर त्याला किल्ली द्या. द्यायची नसेल तर बोलावू नका. बोलावून अर्धी कपाटं बंद ठेवणं सगळ्यात वाईट.

18. आमच्या संग्रहालयात मांडणी बदलायलाच मनाई आहे. मग रेसिडेन्सी अशक्य?

बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयात संस्थापिकेच्या मृत्युपत्रानुसार दालनांची मांडणी बदलता येत नाही. 1990 मध्ये चोरीला गेलेल्या चित्रांच्या रिकाम्या चौकटीही जागच्या जागी आहेत. तिथे 1992 पासून रेसिडेन्सी चालू आहे. कलावंत राहतात, पाहतात, वाजवतात, लिहितात, शेजारच्या शाळांत जातात. खुर्ची हलत नाही.

19. लोकांनी घरातल्या जुन्या वस्तू प्रदर्शनासाठी आणून दिल्या. काही अडचण?

दोन. पहिली, पावती. प्रत्येक वस्तूची नोंद, फोटो, आधीपासूनचे पोचे-ओरखडे आणि परत द्यायची तारीख लिहून सही केलेला कागद देणाऱ्याच्या हातात हवा. "आपलीच माणसं" म्हणून हे टाळतात आणि मग सासूबाईंच्या नथीवरून वर्षभर भांडण चालतं. दागिने शक्यतो घेऊच नका, फोटो घ्या.

दुसरी, कायदा. 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुन्या काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते. धातूची, दगडाची, लाकडाची शिल्पं आणि चित्रं त्यात येतात. म्हणजे पणजोबांच्या देवघरातली पितळी मूर्तीही त्यात येऊ शकते. तांब्याचा हंडा किंवा जातं सहसा नाही. शंका आली तर मालकाला न घाबरवता नोंदणी अधिकाऱ्याकडे चौकशी करायला मदत करा. आणि प्रदर्शन परदेशी जाणार असेल तर अशी खाजगी वस्तू त्यात धरूच नका.

20. कलावंत अर्ध्यावर सोडून गेला तर?

घडतं. आजारपण, दुसरी मोठी संधी, किंवा पटलं नाही. करारात झालेल्या कामापुरते पैसे आणि गोळा केलेल्या साहित्याची एक प्रत संग्रहालयाकडे, एवढी तरतूद ठेवा. ध्वनिमुद्रणं त्याच्या लॅपटॉपवर गेली की वस्तीला परत काहीच मिळत नाही. दर महिन्याला प्रत काढून घेणं हे सोपं काम आहे आणि ते कोणीही करत नाही.

लोकांना जाऊन सांगायचं काम मात्र संग्रहालयाच्या माणसाचं, समक्ष, आठवड्याच्या आत. व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप टाकून नाही. दुसरा कलावंत आणायचा का, की ज्यांनी इतके दिवस काम केलं त्या बायका-पोरांच्या हातात उरलेलं बजेट द्यायचं, हे त्याच बैठकीत त्यांनाच विचारा. दुसरा पर्याय लेखापरीक्षकांना आवडत नाही, तरी मंजूर होतो. ठरावात 'स्थानिक सह-कलावंत' असं पद घालून घ्या.